दैत्यांची आखणी

"पयली ती पयली! बाकी सगळा कचरा!"

"कचरा? अरे, तुझ्या पहिलीतले दैत्य जेवत तरी होते का? पकडले की बसले डबीत. लोणच्यासारखे."

"दैत्याला जेवण कशाला? तो काय घरचा जावई हाय?"

"जावई मी आहे," साईराज म्हणाला, "आणि मला अजून कुणी चहासुद्धा विचारलेला नाही."

"दुसरीवाल्यांना चहा नाय. पयली मान, मग घे बशी भरून."

हे भांडण गणपतींच्या पुढ्यात चाललं होतं. पेणच्या रामवाडीत गुणाजींचा गणपतीचा कारखाना. फळ्यांवर ओळीनं बसलेले गणपती, अंगाला रंग चढलेला, सोवळं नेसून झालेलं, फक्त डोळे यायचे बाकी. त्यांना अजून काही दिसत नव्हतं, हे त्यांचं नशीब. दिसत होतं ते मृणालीला. गुणाजींची ही धाकटी मुलगी खाली पाटावर बसून, शून्य नंबरचा ब्रश चिमटीत धरून, श्वास रोखून एका गणपतीचं बुबुळ भरत होती. धूळ उडू नये म्हणून पंखा बंद. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

तिच्या डाव्या बाजूला तिचा भाऊ अमोल. उजव्या बाजूला तिचा होणारा नवरा साईराज. अमोलच्या हातात कालवलेल्या प्लास्टरचं घमेलं होतं आणि ते बोलता बोलता दगड होत चाललं होतं.

"तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडाल का?" श्वास सोडून मृणाली म्हणाली.

"झालंच गो. ह्याला पटवलं की गप्प बसतो."

"तू काय पटवणार? अरे, दुसरीतला दैत्य उपाशी ठेवलास तर रुसतो. रुसतो! पाठ फिरवून बसतो. मग त्याला कळतं आपल्यावर कोण माया करतं ते. ह्याला म्हणतात जीव!"

मृणाली स्वतः वैशाखापासून रुसलेली होती. ते ह्या मायाळू माणसाच्या लक्षात आलेलं नव्हतं. ती उठून गेलीही असती, पण गणपतीचा एकच डोळा झाला होता, आणि एक डोळा लावून उठायचं नाही असा त्या कारखान्याचा नियम. देवाला अर्धं जग दाखवून सोडू नये, असं तिचा आजा म्हणायचा. तेव्हा दुसरा डोळा होईपर्यंत तिला हे सगळं ऐकणं भाग होतं. दुसऱ्या डोळ्याला त्या दिवशी फार वेळ लागला.

ज्यांच्या घरी हा रोग शिरलेला नाही त्यांना थोडं समजावून सांगायला हवं. पेणच्या एसटी स्टँडमागे मितेशचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मितेशचा मामा जहाजावर. त्यानं जपानातून एक तळहाताएवढं यंत्र आणलं, आणि मितेश तशी मागवून विकायला लागला. शेवाळी रंगाचा पडदा, दोन बोटांनी दाबायची बटणं, पोटात पेन्सिल सेल. त्यात एक माणूस रानात हिंडतो, गवतातून दैत्य निघतात, ते पकडायचे, पाळायचे आणि दुसऱ्याच्या दैत्यांशी झुंजवायचे. एवढंच. लोकांना ते इतकं आवडलं की तिकडच्या कंपनीनं नवे दैत्य घालून दुसरा भाग काढला, आणि आता नव्व्याण्णव साली तिसरा, रंगीत. ह्या भागांना इकडचे भक्त 'पिढी' म्हणत. पहिली पिढी, दुसरी पिढी, तिसरी पिढी. जणू दैत्यांची सोयरीक जमवायची होती.

आता ह्यातली मौज अशी, की त्या यंत्रावरचं सगळं लिहिणं जपानी. पेण आणि रोहा मिळून त्यातलं एक अक्षर वाचू शकेल असा माणूस नव्हता. कुठल्या ओळीवर दाबलं की दैत्य जेवतो आणि कुठल्या ओळीवर दाबलं की तो कायमचा रानात पळून जातो, हे ठेचा खाऊन शिकायचं. दैत्यांची खरी नावंही कुणाला माहीत नव्हती. एक चपटा होता, त्याला पेणमध्ये 'भाकऱ्या' म्हणत. एक पायात घुटमळून चावणारा, तो 'फुरसं'. कंपनीनं काय नाव ठेवलं, तो दैत्य बोलतो काय, गोष्ट काय आहे, ह्यातलं काडीचं न कळता ही दाढीमिशीवाली माणसं कुठली पिढी थोर ह्यावर तासन् तास तोंडाला फेस आणत. घरात पोथी उलटी धरून वाचणारा एखादा असतो ना, तसे हे. फक्त हे पोथीवरून मारामारीही करत.

"आमच्या लहानपणीची गोष्टच वेगळी," अमोल डोळे मिटून म्हणायचा. "तेव्हा दैत्य कमी होते, पण एकेक म्हणजे माणिक!" हे लहानपण म्हणजे शहाण्णव साल. तेव्हा अमोल तेवीस वर्षांचा होता आणि त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली होती.

पेण सगळं पहिल्या पिढीचं, रोहा दुसरीचा. तिसऱ्या पिढीची बाजू घेणारा एकटा मितेश, कारण तिसरी त्याच्या दुकानात पडून होती.

साईराजचं स्थळ अमोलनंच आणलं होतं. नागोठण्याच्या फलाटावर दोघं शेजारी शेजारी बसले होते, दोघांच्या मांडीवर तेच यंत्र. माणूस आपल्यातला दिसतो, असं अमोलला वाटलं. रोह्याचा, नागोठण्याजवळ कंपनीत कायम, शिफ्ट ड्युटी, निर्व्यसनी. यंत्राच्या पोटात भाग कुठला घातलाय हे तेवढं बघायचं राहिलं. तो दुसरीवाला आहे हे साखरपुड्यानंतर कळलं. आधी कळतं तर अमोलनं पत्रिका जुळूच दिली नसती.

मृणालीला तो आवडला होता, हे मात्र सांगायला हवं. बघायला आला तेव्हा गुणाजींनी आपल्या व्यवसायाचं मोठं भाषण सुरू केलं होतं आणि बरोबर नको तिथे त्यांना शिंक आली. साईराज हसला, मग आपण हसलो म्हणून कावराबावरा झाला. ते तिला आवडलं. माणसं एवढ्याशा गोष्टीवर आवडतात आणि मग पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

तिची एकच अट होती. अटही नव्हे, विचारणा. लग्नानंतर आखणीच्या दिवसांत पेणला यायचं, गणपतींचे डोळे करायचे.

ह्या कारखान्यात डोळे एकाच हातानं व्हायचे. माती कुणी मळो, साचा कुणी भरो, रंग कुणी मारो, डोळे एकाचेच. तिचा आजा जनू ह्यानं आयुष्यभर ते केले. जनूचा हात थरथरायला लागला तेव्हा गुणाजींनी ब्रश घेतला. गुणाजींचे गणपती शेजाऱ्याशी बांधावरून वाद झाल्यासारखे बघायचे. मग अमोलला बसवलं. अमोलचे गणपती झोप अर्धी झाल्यासारखे. शेवटी फ्रॉकमधल्या मृणालीनं एक करून बघितला. जनू त्या मूर्तीसमोर डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, दारात जाऊन वळून बघितलं.

"ह्यो बघतो," तो म्हणाला. "मी जिकडं जाईन तिकडं बघतो."

तेव्हापासून डोळे मृणालीचे. शाळेत ती यथातथाच. स्वयंपाकाबद्दल आई गप्प बसायची. पण आषाढ-श्रावणात तालुक्याबाहेरून माणसं येत आणि म्हणत, गुणाजी, तुमच्याकडचाच हवा, तुमचा गणपती आपल्याकडे बघतो. तो कुणामुळे बघतो हे ती कधी बोलली नाही. तिला ते ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं. ते गेलं असतं तर तिच्याजवळ स्वतःचं म्हणून दाखवायला काय उरलं असतं, ह्याचा ती विचार करायची आणि विचार तिथेच सोडून द्यायची.

साखरपुड्यानंतर, वैशाखात, घर बघायला म्हणून गुणाजी तिला घेऊन रोह्याला गेले. साईराजचे वडील हैबतराव जुने भातवाले. अंगणात वालाची पोती. जेवायला बिरडं होतं. पान संपत आल्यावर गुणाजींनी घसा साफ केला आणि आखणीचा विषय काढला.

"माझं काय नाय," हैबतराव म्हणाले. "पोरगी कला करते, चांगलंच हाय. पण संसार त्यांचा. त्याची शिफ्ट, त्याचा डबा. त्याचा शब्द तो माझा शब्द. तो व्हय म्हणाला तर मी स्वतः हिला गाडीत बसवून पेणला आणून सोडीन. काय रे साईराज?"

साईराज पडवीत होता. मांडीवर यंत्र, अंगठे चाललेले.

"हां हां. बघू की."

"बघू नको, बोल."

"एक मिनिट हो बाबा. हा रुसलाय. आता सोडला तर गेला."

मृणाली पडवीत जाऊन त्याच्याजवळ उभी राहिली. "तुम्ही सांगा ना. येऊ ना मी?"

"हे बघ, हे बघ," त्यानं यंत्र तिच्यापुढे धरलं, "ह्याला तीन वेळा भरवलं, तरी पाठ! काय मानी आहे बघ. पहिलीत असं काही होतं का? तूच सांग."

हैबतराव आतून म्हणाले, "सांगेल हो तो. घाई कुठे हाय? लग्न तुळशीनंतर."

आणि तेव्हापासून 'सांगतो' चालू होतं. पेणला आला की 'आज नको, अमोलनं डोकं फिरवलंय.' नागोठण्याला शिवाच्या चहाच्या टपरीवर भेटला तर 'नाइट करून आलोय, नीट बोलू.' एकदा तिनं फोन केला, बूथमध्ये मागे रांग; तो पलीकडून म्हणाला, "बरं झालं फोन केलास. अमोलला सांग, त्याचा भाकऱ्या आमच्या पोरांनी हाणला." त्याला तिचं येणं नको होतं असं नाही. तो विरोधात असता तर ती भांडली तरी असती. त्याच्या डोक्यात तो प्रश्न उतरलेलाच नव्हता. तिथे जागा भरलेली होती.

श्रावण लागला आणि मितेश कारखान्यात आला. त्याच्या येण्यातच धंदा दिसत होता.

"कायमचा फैसला करून टाकू," तो म्हणाला. "पेण काय, रोहा काय, रोजची कटकट. अमोल, तू दैत्य बनव. मातीचे. तिन्ही पिढ्यांचे. माझ्या दुकानात मांडू. रविवारी दोन्हीकडचे लोक येऊ देत, समोरासमोर बघू देत आणि ठरवू देत एक नंबर कोण. आणि डोळे मृणालीनं करायचे. डोळ्यांशिवाय कळणार नाय कोण भारी ते."

"माझ्याकडे देवांचे डोळे पडलेत," मृणाली म्हणाली.

"अगं, एवढं कर," साईराज म्हणाला. तो तिथेच होता. सुट्टीच्या दिवशी तो दुसरीकडे कुठे असणार? "माझ्यासाठी कर. एकदा फैसला झाला की डोकं मोकळं."

"करते. पण त्या दिवशी तुम्ही माझं उत्तर द्यायचं. सगळ्यांसमोर."

"कसलं उत्तर?"

मृणालीनं हातातला ब्रश त्याच्यापुढे धरला.

"हां हां, ते! पेणला यायचं ते! देतो की. त्यात काय!"

साईराज हात धुवायला मागे गेला तेव्हा मितेश मिस्किल हसला. "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो. हा पहिल्या पिढीला एवढ्या शिव्या का घालतो माहीताय? ह्याच्याकडे फुरसं होतं, असलं तयार केलेलं, की पुऱ्या जिल्ह्यात तसं नव्हतं. एक दिवस ह्याला त्याचा लाड करायचा होता. वाचता येतंय कुणाला? चुकीच्या ओळीवर बटण दाबलं. फुरसं गेलं रानात, परत आलंच नाय. दुसऱ्या दिवसापासून पहिली पिढी कचरा."

"आणि आमचा अमोल?"

"त्याचं दुसरीत उलटं झालं. भरवायची ओळ सापडेना. सगळे उपाशी मेले."

असं हे तत्त्वज्ञान होतं. दोन घोडमुलं, दोन चुकीची बटणं, आणि त्यावर उभी राहिलेली दोन शहरांची मतं.

दैत्यांसाठी नवा साचा कोण करणार? अमोलनं कारखान्यात होतं त्यातलंच उचललं. उंदराच्या साच्यातून धड काढलं, सिंहासनाच्या सिंहाचं तोंड लावलं, मागे मोराची शेपूट. नागाचा फणा कापून त्याला हत्तीचे पाय. भाकऱ्या तर मोदकाच्या ताटावर कान चिकटवून झाला. गणपतीच्या दरबारातली उरलीसुरली मंडळी एकमेकांत मिसळून फळीवर उभी राहिली आणि अमोल चार पावलं मागे जाऊन म्हणाला, "हुबेहूब!"

माती मळणारी बायजाबाई खाडीकडची. अर्धं आयुष्य मिठागरात घालवून तिचे तळवे कातड्याच्या चपलेसारखे झाले होते आणि जिभेचंही तेच.

"यो उंदीर हाय का मोर?"

"दैत्य हाय, बायजाबाय. पयल्या पिढीचा."

"आणि याचे बापूस कोन? यांची पिढी चालते तं आयबापूस नको?" तिनं मातीत थापटी मारली. "कामधंदो नाय मेल्यांना. मिठागरान उभे करा एक दिस. सगले दैत पलतील."

मृणाली डोळे करायला बसली. पहिल्या दैत्याला तिनं रागीट करायचं ठरवलं. भुवई खाली ओढली, कोपरा टोकदार केला, बुबुळ वर चढवलं. पण हाताला एकच नजर ठाऊक होती. शेवटचा पांढरा ठिपका पडला आणि सिंहाच्या तोंडाचा, उंदराच्या धडाचा तो प्राणी अर्धवट मिटलेल्या पापण्यांतून तिच्याकडे बघायला लागला: शांत, प्रेमळ, सगळे अपराध पोटात घातल्यासारखा. तिनं दुसरा घेतला. तिसरा घेतला. एकालाही दात असल्याचं आठवत नव्हतं.

बायजाबाईनं वाकून बघितलं आणि खोखो हसत सुटली. "यो तं आशीर्वाद देतंय गो!"

"पुसू का?"

"कनाला पुसतेस? डोले उघडले ना आता? असूदे. त्या भाड्यांना कुनीतरी पोटात घालाया पायजे."

रविवारी रोहेकर पॅसेंजरनं आले. घोळकाच्या घोळका, इस्त्रीचे शर्ट, जणू वऱ्हाड. पेणकर आधीच दुकानात घाम गाळत होते. मितेशनं टीव्हीच्या खोक्यांवर लाल कापड अंथरून दैत्य ओळीनं मांडले होते. डावीकडे पहिली पिढी, मधे दुसरी, उजवीकडे तिसरी. बायजाबाईला घेऊन मृणाली दाराशी उभी राहिली. आज दैत्य निवडले जाणार होते आणि त्यानंतर, सगळ्यांसमोर, तिचं उत्तर मिळणार होतं. तिनं नवी साडी नेसली नव्हती, पण वेणी नीट घातली होती.

आधी गलका झाला, मग एकाएकी कमी झाला. पुंडलिक म्हणून रोह्याचा एक आडदांड गडी पुढे आला, दुसऱ्या पिढीसमोर छाती काढून उभा राहिला, आणि नकळत त्यानं चपला काढल्या.

"काय रे, देवळात आलास काय?" अमोल ओरडला.

"नाय रे... हा माझ्याकडे बघतोय."

"तुझ्याकडे कशाला बघेल? तो माझ्याकडे बघतोय."

"तू त्या टोकाला हायस! इकडे ये. हे बघ. सरळ माझ्याकडे. मी लहान... मी पयल्यापासून दुसरीचा, त्याला माहीत हाय ते."

"आणि हा पयलीतला बघ, हा कुणाकडे बघतो?"

"माझ्याकडे!" चौघं एकदम म्हणाले.

मग जी धुमाळी उडाली ती काय सांगावी. जो ज्याच्यापुढे उभा राही त्याच्याकडे तो दैत्य बघे, मायेनं बघे, आणि प्रत्येकाला वाटे की कौल आपल्याच बाजूनं लागला. एकजण भिंतीला पाठ लावून सरकत सरकत कोपऱ्यात गेला आणि तिथून ओरडला, "इथूनपण बघतोय, आईशपथ!" एकामागून एक चपला दाराबाहेर जायला लागल्या. पेणचा एक रडवेला झाला. नोकरीवरून काढलं तेव्हा जे पाणी आलं नव्हतं ते मोदकाच्या ताटाला कान लावलेल्या भाकऱ्यासमोर आलं. तिसरी पिढी कुणी ढुंकून बघत नव्हतं, पण मितेशनं तिच्यापुढे उभं राहून जाहीर केलं की आपल्याकडेही बघतोय. घरून निघताना प्रत्येकजण जे मत घेऊन आला होता तेच आता तो शपथेवर सांगायला लागला. अक्कल वाटत होते तेव्हा ही माणसं कुठल्या रांगेत उभी होती कोण जाणे.

हमरीतुमरी कॉलरवर आली तेव्हा साईराज खुर्चीवर चढला.

"थांबा! थांबा रे! आपण कशाला भांडतोय? ज्या हातानं डोळे उघडले तो हात इथे आहे. मृणाली सांगेल. ती सांगेल तो एक नंबर. मान्य?"

"मान्य!" रोहेकर ओरडले. उद्या रोह्याची सून होणार, म्हणून.

"मान्य!" पेणकर ओरडले. पेणची लेक, म्हणून.

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मृणाली चपला दाराबाहेर काढून दोन पावलं आत आली.

"आधी माझं उत्तर," ती म्हणाली.

"हो, हो. देतो. आधी तू हे—"

"आधी माझं. तुम्ही म्हणाला होतात, सगळ्यांसमोर. सगळे आहेत. लग्नानंतर मी आखणीला पेणला येऊ का नको?"

मागे कुठल्यातरी टीव्हीवर गेमचं किरकिरं संगीत तेवढं चालू राहिलं. साईराज खुर्चीवरच उभा होता. त्यानं डोकं खाजवलं, सिलिंगकडे बघितलं. पहिल्यांदाच तो त्या प्रश्नाचा विचार करतोय हे दारापर्यंत दिसत होतं. आणि मग त्याचा चेहरा उजळला. काहीतरी सापडल्यासारखा तो खाली उतरून तिच्यापाशी आला.

"एवढंच ना? सोपं आहे की. तू दुसरी म्हण, मी व्हय म्हणतो."

"म्हणजे?"

"म्हणजे फिट्टंफाट. तू एक शब्द बोल: दुसरी. मी लगेच, इथल्या इथे, सगळ्यांसमोर व्हय म्हणतो. आखणीला ये, सुगीला ये, वाटलं तर वर्षभर पेणलाच रहा. बाबांनापण मीच सांगतो. काय? आहे की नाही?"

रोहेकरांनी टाळ्या वाजवल्या. "वा! सौदा पक्का!"

"मृणाली, नाय हां!" अमोलचा आवाज चिरकला. "घरची असून दुसरी म्हणशील? आजा वरून बघतोय. तू दुसरी म्हटलंस तर मी तुझ्यासाठी साचा भरणार नाय, आताच सांगतो. मग कर कुणाचे डोळे करतेस ते!"

"अरे, ती तुझ्या धमकीला घाबरते काय? बोल मृणाली."

बायजाबाईनं मागून तिच्या कोपराला धरलं. "बोल गो," ती पुटपुटली. "काय जातंय तुजा? मना विचारशील तं धाही पिढ्या बोलून टाकीन. तोंडाची वाफ. तुजा काम होतंय ना?"

खरंच काय जात होतं? पहिली, दुसरी, तिसरी, ह्यांत मृणालीचं काहीच अडकलेलं नव्हतं. म्हटलं असतं दुसरी. खोटंही झालं नसतं, कारण त्यात खरं असं काही नव्हतंच. आणि त्याबदल्यात सगळे आषाढ-श्रावण तिचे झाले असते. हैबतरावांनी स्वतः गाडीत बसवलं असतं. जे चार महिने मागून मिळालं नाही ते समोर धरलेलं होतं, नुसता हात पुढे करायचा.

ती साईराजकडे बघत होती. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. असती तर बरं झालं असतं. तो मनापासून खूश होता. आपण उदार झालोय असं त्याला वाटत होतं. तिचा हात, तिच्या आजानं दारातून वळून बघितलेली ती नजर, तालुक्याबाहेरून येणारी माणसं, हे सगळं त्याच्या खिशातली सुट्टी चिल्लर होती आणि ती आज त्याच्या दैत्यांच्या कामी येत होती. उद्या तिसरी पिढी आवडायला लागली तर तो हाच शब्द तिसरीसाठी मोडेल, आणि असाच हसेल. आणि अमोल? अमोल तिला लहानपणापासून खांद्यावर घेऊन हिंडलेला. तो बिनडोळ्यांचे गणपती ठेवायला तयार होता, भाकऱ्याच्या मानासाठी.

"बोल ना," साईराज म्हणाला. "सगळे खोळंबलेत."

"पयली बोल!"

"दुसरी! दुसरी!"

"वहिनी, तिसरीचापण विचार करा हां," मितेश म्हणाला.

मृणालीनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. घोळका समजला की ती आता बोलणार. मागच्यांनी टाचा उंचावल्या, कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. पुंडलिकनं हात जोडले होते, तिला की दैत्याला ते त्यालाच ठाऊक.

"मृणाली?" साईराजनं मान तिरकी करून विचारलं. "दुसरी ना?"

ती वळली. बायजाबाई दारातून बाजूला झाली. बाहेर चपलांचा ढीग होता. मृणालीनं त्यातून आपल्या शोधून काढल्या, पायात सरकवल्या, आणि एसटी स्टँडच्या गर्दीतून सरळ कारखान्याकडे चालायला लागली. साईराज मागून विचारतच होता, आवाज चढवून, पुन्हा पुन्हा, "अगं, पण दुसरी ना?"